यातलं तुझं कोणतं?

बालाघाट, ६ ऑक्टोबर १९६९

भोजराज, जय भीम.

दीड वर्षानं पत्र पाठवलंस आणि तेही कोडं घालून. ललितानं ते वाचून दाखवलं, मग मी स्वतः वाचलं, तरी डोक्यातली आग जात नाही. बहिणीचं लग्न ठरल्याचं कळलं, आनंद झाला, इथवर ठीक. पुढे लिहितोस, आमच्या बँडची एक रेकॉर्ड निघाली आहे. कलकत्ता रेडिओवर रविवारी दुपारी इंग्रजी गाण्यांची फर्माईश असते, तिथं ती अधूनमधून लागते. त्या रेकॉर्डवर मी आहे. नाव सांगणार नाही, बानं ऐकून ओळखावं. ओळखलं तर लग्नाला येईन. नाही ओळखलं तर बाला आपलं पोरगं ओळखू येत नाही असं समजेन, मग येऊन तरी काय करू?

वा रे वा. तुला बाराखडी मी शिकवली, खाणीच्या मस्टरवर आकडे मांडायला मी शिकवलं, आणि आता परीक्षा माझी. तीही असल्या विषयात, ज्याच्या नुसत्या वासानं मला मळमळतं.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी लिहितो. तुझा आजा नथ्थू गावच्या पाटलाच्या वरातीपुढे दफडं वाजवत चालायचा. वरात मांडवात शिरली की हा बाहेर, उकिरड्याशेजारी. जेवण वरून टाकायचे. मी लहान होतो, त्याच्याजवळ बसून ते खाल्लेलं आहे. छप्पन्न साली नागपूरला बाबासाहेबांनी दीक्षा दिली, तिथून परत आल्यावर पहिलं काम मी काय केलं? ते दफडं वैनगंगेत टाकलं. तुझा आजा काठावर बसून रडला, पण मला अडवलं नाही. आमच्या घरात पुन्हा कुणी कुणापुढे वाजवणार नाही, हे मी त्या दिवशी ठरवलं. आणि तू मॅट्रिक होऊन, खाणीतली नोकरी लाथाडून, कलकत्त्याच्या हॉटेलात दारू पिणाऱ्यांपुढे बँड वाजवतोस. काय सांगू लोकांना?

माझं एकट्याचं असतं तर हे पत्र चुलीत घातलं असतं. पण ललिता हटून बसली आहे. "दादा नाई आला त मी हार घेऊन उभीच नाई राहीन," म्हणते. लग्न एक मार्चला आहे, आपल्या वार्डातल्या विहारात. म्हणून काल रेडिओ लावला.

तासभर जे ऐकलं त्याला गाणं म्हणायचं असेल तर आमच्या खाणीतल्या क्रशरला गवई म्हणावं लागेल. पहिलं एका बाईचं होतं, तिला पडसं झालेलं. दुसऱ्यात माणसं कमी आणि कुत्री जास्त. तिसऱ्यात एक जण इतका जिवाच्या आकांतानं ओरडत होता, की भाजी निवडता निवडता तुझ्या आईचा हात थांबला. तिला त्रास झाला असेल म्हणून मी आवाज कमी करायला उठलो, तर म्हणाली, "राहू द्या ना." बायकांचं काही कळत नाही.

मी ढोलाकडे कान लावून होतो. तुझा हात मला ठाऊक आहे. लहानपणी रॉकेलच्या डब्यावर बडवायचास तेव्हा डावा हात जरा उशिरा पडायचा, आजाचा पडायचा तसाच. तो उशीर मला कुत्र्यांच्या गाण्यात सापडला. ते तुझं आहे. आता मुकाट्यानं तिकीट काढ.

महागू

बालाघाट, १० नोव्हेंबर १९६९

भोजराज,

तुझं कार्ड मिळालं. पूर्ण कार्डावर एकच शब्द, "नाही". टपालखात्यानं छापलेली जागा तरी वाया घालवू नये माणसानं.

महिनाभर मी दर रविवारी त्या डबड्यासमोर बसतो आहे. वार्डातले लोक म्हणतात, महागूभाऊंना उतारवयात इंग्रजी नाद लागला. दुलीचंद मास्तर परवा घरी आले आणि रेडिओ ऐकून तसेच दारातून परत गेले. मागाहून निरोप पाठवला की घरात कुणी आजारी असेल तर डॉक्टरला बोलावून देतो.

तो फर्माईश सांगणारा माणूस मला सगळ्यांत जास्त किळसवाणा वाटतो. जिभेखाली काहीतरी ठेवल्यासारखा बोलतो. गाण्याचं नाव असं पुटपुटतो की खाणीतल्या साहेबांचं इंग्रजी पंधरा वर्षं ऐकलेला मी, मलाही ते धरता येत नाही. म्हणून मी माझीच नावं ठेवली आहेत. कुत्र्यांचं. पडशाचं. एक आहे ते "साडेसातीचं", कारण संपतच नाही. एकात पोरगा बहुतेक प्रेयसीला म्हणतो की तू गेलीस तर मी मरेन, आणि ती जात का नाही याचंच मला नवल वाटतं. तो आकांत करणारा तर दोन रविवार सोडून पुन्हा हजर असतो. त्याच्या मानेला कुणी धरलं आहे असं वाटतं. कोणाचा पोरगा आहे कुणास ठाऊक, त्याच्या आईबापाची मला दया येते.

असो. या महिन्यात एक गाणं सगळ्यांत जास्त वेळा लागलं. चार पोरं एकदम गातात, ढोल सरळ, स्वच्छ, कुठे घाई नाही. किळस त्यातल्या त्यात कमी आली. मला वाटतं, हेच. हात थोडा सुधारलेला दिसतो, पण आहे आपल्याच घरचा. कळव.

महागू

बालाघाट, १५ डिसेंबर १९६९

भोजराज,

तुझं पत्र आलं. त्यात तू हसलेला दिसतोस, अक्षर वाकडं झालं आहे. ती चार पोरं विलायतेची आहेत, आणि कलकत्त्याचा रिक्षावालासुद्धा त्यांना ओळखतो, हे मला कसं माहीत असणार? भरवेलीच्या खाणीत टाइमकीपरला हे कुणी शिकवत नाही. "बा, अख्खं जग ज्यांना ओळखतं त्यांना तू भोजराज समजलास," असं लिहितोस. हसून घे. ललिताही पदराआड हसत होती.

मी खाणीतल्या एका ख्रिस्ती फिटरला विचारलं. तो म्हणाला, यातली निम्मी गाणी बाहेरची असतात, निम्मी आपल्याकडच्या पोरांची, आणि कोणतं कुठलं हे त्यालाही सांगता येत नाही. सगळे एकाच नाकातून गातात. म्हणजे आपली पोरं आपलं नाक सोडून दुसऱ्याचं लावून हिंडतात. शी.

काल एक नवीनच लागलं. आधी कुणीतरी शिट्टी वाजवतो, अगदी सावकाश, आगगाडीची वाट पाहणारा माणूस वाजवतो तशी. मग बराच वेळ काही नाही. मला वाटलं रेडिओच बंद पडला. मग खालून ढोल येतो, नुसत्या बोटांनी वाजवल्यासारखा, आणि एक म्हातारा आवाज चार ओळी बोलतो. गात नाही, बोलतो. पुन्हा शिट्टी, आणि संपलं. सांगणाऱ्यानं नावही धड घेतलं नाही. मी बराच वेळ या शिट्टीचाच विचार केला. बोटांनी तुझा आजाही वाजवायचा, पाऊस येऊन कातडं ओलं झालं की. हे तुझं असेल तर एक सांगतो, हे ऐकताना मला ओकारी आली नाही.

टिकारामजींकडून, म्हणजे ललिताच्या होणाऱ्या सासऱ्याकडून तिरोडीहून माणूस येऊन गेला. साड्या त्यांना पसंत आहेत. त्यांनी विचारलं, मुलगा कधी येणार? तुझी आई म्हणाली, येऊन राह्यला.

महागू

बालाघाट, १९ जानेवारी १९७०

भोजराज,

हे अतिच झालं. शिट्टीचं गाणं तुझं नाही, ठीक. पण पुढे लिहितोस की ते तू स्वतःही कधी ऐकलं नव्हतंस, माझ्या वर्णनावरून दुकानं पालथी घालून जुन्या रेकॉर्डींच्या ढिगातून काढलंस, ते कुठल्याशा अमेरिकेतल्या म्हाताऱ्याचं आहे, कुणालाच माहीत नाही, आणि आता तुमचा सगळा बँड ते दिवसभर लावून बसतो. "बा, तुझा कान भारी आहे, असंच अजून काही सापडलं तर कळव."

मी काय तुमचा नोकर आहे? मी इथं पोरगा शोधतो आहे आणि तू माझ्याकडून गाणी शोधून घेतोस!

माझी लाज कुठवर गेली ते ऐक. शुक्रवारी गेटावर उभा होतो, पाळी सुटत होती, आणि माझं पाऊल आपोआप हलत होतं. चैतराम जमादारानं विचारलं, "भाऊ, पायाले मुंग्या आल्या का?" मी हौ म्हटलं. कुत्र्यांचं गाणं होतं ते, पायात शिरलेलं. घरी येऊन पाय घासून धुतले. तेरा वर्षं जे घराबाहेर ठेवलं ते या डबड्यातून आत आलं, आणि आणलं कुणी, तर मीच, दर रविवारी स्वतःच्या हातानं कळ फिरवून. मला माझाच वीट आला आहे.

लग्नाला दीड महिना नाही राहिला. पत्रिका छापून आल्या. खाली "आपले नम्र" मध्ये तुझं नाव घालायचं की नाही, प्रेसवाला विचारत होता. घातलं आहे. आता ते खोटं पडू देऊ नकोस. सरळ सांगून टाक ना बाबा, कोणतं आहे तुझं? मी कुणाला सांगणार नाही की मी हरलो.

महागू

बालाघाट, २३ फेब्रुवारी १९७०

भोजराज,

तू सांगितलं नाहीस. "अजून वेळ आहे, बा," एवढंच. हे पत्र तुझ्या हाती पडेपर्यंत वेळ राहणार नाही, तरी लिहितो, कारण लिहिल्याशिवाय मला अन्न गोड लागायचं नाही.

शनिवारी रेडिओचा आवाज बसला. बाजारातल्या मोतीलालच्या दुकानात नेला. तो वॉल्व बदलत होता आणि मी सांगत होतो, उद्या दुपारच्या आत पाहिजे, मुलाची रेकॉर्ड लागते. आजवर मी हे त्याला सांगितलं नव्हतं. तुझी ऐट करायला नाही सांगितलं, त्यानं काम लवकर करावं म्हणून. दुकानात आणखी दोघं बसले होते. मोतीलालनं वर न बघताच म्हटलं, "ढोल बजाता होगा. तुम लोगों के तो हाथ में ही ताल है, महागूभाऊ. और क्या बजाएगा?" आणि पान थुंकला.

मी म्हटलं, "आमच्या हातात मस्टर हाय, पेन हाय. ताल कोणी जन्मतानी घेऊन येते का?" खूप बोललो. काय काय बोललो ते आता आठवत नाही, बाजारातले लोक जमले. मोतीलाल "अरे बुरा मत मानो, तारीफ कर रहा हूँ" म्हणत राहिला. तारीफ! वरून टाकलेल्या जेवणासारखी तारीफ. मी अर्धवट उघडा रेडिओ काखोटीला मारला आणि निघालो.

कालीपुतळीच्या चौकात पोचलो आणि पाय थांबले. मोतीलालनं जे एकदा म्हटलं, ते मी पाच महिने दर रविवारी करत होतो. तू एकाही पत्रात ढोल वाजवतो असं लिहिलं नाहीस. मी सगळी काढून पाहिली, कुठेच नाही. "रेकॉर्डवर आहे" एवढंच आहे. मी बँड शब्द वाचला आणि तुझ्या गळ्यात आपोआप दफडं अडकवलं. नथ्थूचा नातू, म्हणजे ढोलच. दुसरं मला सुचलंच नाही. जे दफडं मी नागपूरहून येऊन नदीत बुडवलं, तेच कानात धरून मी तुला शोधत होतो. मोतीलालचा मला जेवढा संताप आला, त्याच्या कितीतरी पट स्वतःची घृणा वाटली. चौकात उभा राहून मी थुंकलो.

घरी आलो. तुझी आई तांदूळ पाखडत होती. तिला म्हटलं, भोजराज ढोल वाजवत नाही. तिनं सूप खाली ठेवलं. म्हणाली, "वाजवत नाईच. तो गाते."

मी विचारलं, तुले कसं माहीत?

"मी त पह्यल्याच आयतवारी वळखला. तो वरडते ना मोठ्यानं, तोच. लहानपणी तुमचा डबा घेऊन खाणीवर याचा, क्रशरच्या आवाजातून तुमाले हाका माराचा, आठवते का? वर चढला का आवाज फाटे त्याचा. तसाच फाटते अजून."

"मंग सांगितलं काहून नाई?"

"तुमाले पुसलं होतं त्यानं, मले कुठं पुसलं? अन् तुमी त ढोलकं आयकून राह्यले होते."

रेडिओ चैतरामच्या पोरानं काल सकाळी जोडून दिला. दुपारी गाणं लागलं. या वेळी मी ढोलाकडे लक्षच दिलं नाही. आकांत करणारा तो माणूस, ज्याच्या आईबापाची मला दया येत होती, तो तू आहेस. दुसऱ्या कडव्यानंतर आवाज वर जातो, फाटतो, आणि फाटला तरी खाली येत नाही, तिथंच धरून ठेवतोस. तसंच तू गेटाबाहेरून "बाऽऽ" करायचास आणि मी मस्टर टाकून बाहेर यायचो. नावही या वेळी मी नीट ऐकलं, "ब्रास बटन मंडे". अर्थ काय ते तुलाच माहीत.

गाणं वाईट आहे. खोटं बोलणार नाही. पण ते तुझं आहे. हे माझं उत्तर.

महागू

बालाघाट, ९ मार्च १९७०

भोजराज, जय भीम.

सुखरूप पोचलास असं तुझं कार्ड मिळालं. माझं तेवीस तारखेचं पत्र तिथं तुझी वाट पाहत असेल. आता फोडून वाचलंही असशील.

शुक्रवारी सकाळी छोट्या रुळांच्या आगगाडीतून तू उतरलास तेव्हा मला वाटलं, पत्र मिळालं, म्हणून आला. मनात हिशेब केला तर जमेना. पत्र पोचायच्या आधीच तू निघाला होतास. उत्तर न मिळता आलास. स्टेशनवर तू आईच्या पाया पडलास, ललिताची वेणी ओढलीस, माझ्याकडे बघून नुसतं "बा" म्हणालास. मी म्हटलं, केस काप. दोन दिवस वाट पाहिली की आता विचारशील, ओळखलं का म्हणून. तू विचारलं नाहीस. मी ओळखू शकलो नाही असं धरून तू आला होतास आणि मला माझी हार बोलून दाखवायला लागू नये म्हणून गप्प होतास, हे मला मंडपाचे बांबू बांधताना कळलं. त्यावर, मी ओळखलं आहे, हे मला सांगताच येईना. तू समोर आलास की मी मजुरांवर खेकसायचो.

मग विहारात पंचशील झालं, हार झाले, आणि टिकारामजी तुझ्या खांद्यावर हात ठेवून माझ्याकडे आले. शंभर माणसं बसलेली. आपल्या समाजाचे मोठे मोठे लोक, ज्यांच्यासमोर मी वाजवण्याच्या विरोधात भाषणं केली आहेत. ते म्हणाले, "महागूजी, पोरगा छान हाय तुमचा. काय करते कलकत्त्याले?"

तू माझ्याकडे पाहिलंस. मग पटकन म्हणालास, "हॉटेलात हाय, मॅनेजरच्या हाताखाली." इतकं सरळ बोललास की आधीच ठरवून आला होतास हे मला समजलं. माझी मान वर राहावी म्हणून तू ते रेल्वेत बसल्या बसल्या ठरवलं असशील.

मी म्हटलं, "नाई जी. तो गाते."

टिकारामजींनी विचारलं, "भजन गाते?"

"इंग्रजी गाणे गाते. रेडिओवर लागते, आयतवारी. मले त्यातलं एक बी आवडत नाई. पण आवाज त्याचाच हाय, मी वळखतो."

तुझ्या हातातली तांदळाची परात वाकडी झाली आणि अक्षता सांडल्या. तू त्या उचलायला खाली बसलास आणि बराच वेळ उठलाच नाहीस. लोकांना वाटलं, पोरगा किती काळजीनं दाणा दाणा वेचतो आहे.

तुझा बा